प्रिंटरचा पत्ता

पश्चिम रेल्वेच्या मार्गावर पालघर आणि बोईसर ह्या दोन गजबजलेल्या स्थानकांच्या मध्ये उमरोळी हे लहानसे स्थानक लागते. येथील पुष्कळ मंडळी रोज गाडीने तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत, पालघरच्या कचेऱ्यांत किंवा थेट मुंबईस कामाला जातात. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सरकारी कामासाठी ठाण्यापर्यंत घालावे लागणारे हेलपाटे वाचले. पुढे १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाराष्ट्रात घरबसल्या मिळू लागला व त्यावर तलाठ्याच्या वेगळ्या सहीची जरूर उरली नाही. ज्या कागदासाठी पूर्वी दिवस मोडावा लागे, तो कागद आता तारेतून गावात येतो. तथापि पडद्यावर दिसणारा उतारा पुष्कळ ठिकाणी पुरत नाही. तो छापून हाती द्यावा लागतो. सारा प्रवास विनासायास पार पडतो आणि संगणकापासून प्रिंटरपर्यंतच्या शेवटच्या दहा-बारा हातांत घोडे पेंड खाते.

समजा, तारापूरच्या एखाद्या कारखान्यातील कामगार रात्रपाळी आटोपून, झोप बाजूस ठेवून, एका दाखल्यासाठी गावातील सेवा केंद्रात आला आहे. दाखला संगणकावर तयार आहे. छापण्याचा हुकूम दिला जातो आणि पडद्यावर ‘ऑफलाइन’ हा शब्द उमटतो. प्रिंटर तर समोरच आहे. त्याचा दिवा लागलेला आहे, कागद भरलेला आहे, आणि आदल्याच संध्याकाळी त्याने बिनतक्रार पाने छापली आहेत. चालक प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करतो, केबल काढून पुन्हा बसवितो, आणि शेवटी निरुपाय होऊन फाईल पेन ड्राइव्हवर घालून देतो. कामगारास गाडीने बोईसरला जाऊन तो एक कागद छापून आणावा लागतो. जो हेलपाटा वाचावयाचा होता तोच पुन्हा पदरी पडतो. अशा प्रसंगी प्रिंटर बिघडला असा समज होतो. क्वचित नवा प्रिंटर विकतही आणला जातो. वस्तुतः पुष्कळदा त्यात काहीच बिघडलेले नसते. रात्री वीज गेली आणि परत आली, तेवढ्यात त्याचा पत्ता बदलला, इतकेच घडलेले असते.

हा पत्ता म्हणजे काय हे समजण्यासाठी प्रिंटर आणि तारेचे जाळे यांचा संबंध किती जुना आहे हे पाहणे उपयोगाचे आहे. कचेरीतील संगणक एकमेकांस जोडण्याची जी पद्धत आज जगभर रूढ आहे, तिचे नाव ईथरनेट. तिचा जन्म अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात झाला. तेथे गॅरी स्टार्कवेदर यांनी लेझरच्या किरणाने पान उमटविणारे यंत्र सिद्ध केले होते. ते एका सेकंदास एक पान छापू शके. इतके वेगवान व महागडे यंत्र प्रत्येक टेबलावर ठेवणे शक्य नव्हते. आणि एकाच संगणकास बांधून ठेवले तर त्याचा वेग वाया जाई. तेव्हा अनेक संगणकांनी एकच प्रिंटर वापरावा व पानांचा मजकूर तितक्याच झपाट्याने त्याच्यापर्यंत पोचावा, ही गरज उभी राहिली. २२ मे १९७३ रोजी रॉबर्ट मेटकाफ यांनी एका टिपणात ईथरनेटची कल्पना मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या साहाय्याने ती प्रत्यक्षात आणली. सारांश, प्रिंटर हा नेटवर्कमध्ये मागाहून शिरलेला पाहुणा नव्हे. ज्यांच्या सोयीसाठी हे घर बांधले गेले, त्यांपैकी तो एक आहे.

घरात किंवा लहान कचेरीत प्रिंटर जोडण्याचे दोन तारेचे मार्ग आहेत. पहिला यूएसबीच्या केबलीचा. त्यात प्रिंटर एकाच संगणकाच्या स्वाधीन असतो. तो संगणक बंद असला की इतरांचे छापणे खुंटते. दुसरा मार्ग ईथरनेटचा. यात प्रिंटर कोणाही संगणकाचा अंकित नसतो. तो राउटरला किंवा स्विचला थेट जोडलेला असतो आणि घरातील प्रत्येक संगणक त्याला स्वतंत्रपणे काम सांगू शकतो. वायफायनेही असे करता येते. पण जाड भिंती आणि शेजारच्या घरांतील लहरींची गर्दी यांमुळे बिनतारी संबंध अधूनमधून तुटतो. मोबाइल हातातून हिंडतो, प्रिंटर मात्र वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात बसून असतो. जो हलत नाही त्याला तार द्यावी, हा साधा नियम येथे लागू पडतो.

प्रिंटर विकत घेतानाच त्याच्या पाठीमागे ईथरनेटचा चौकोनी खाचा आहे किंवा नाही हे पाहून घ्यावे. स्वस्तातील कित्येक प्रिंटरना तो नसतो. त्यात बसणाऱ्या केबलीत आठ बारीक तारा असतात व त्या दोन-दोनच्या चार जोड्यांनी पिळलेल्या असतात. हा पीळ शोभेचा नव्हे. बाहेरील विजेच्या उपद्रवाचा परिणाम दोन्ही तारांवर सारखाच व्हावा आणि तो वजा करता यावा, यासाठी तो असतो. म्हणून टोक बसविताना पीळ फार उलगडू नये, आणि ही केबल घरातील विजेच्या तारांबरोबर एकाच नळीतून नेऊ नये. अशा तांब्याच्या केबलीची मर्यादा १०० मीटर आहे. घरास ती कधीच अपुरी पडत नाही. केबल शुद्ध तांब्याची घ्यावी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल स्वस्त पडते, पण तिच्या तारा ठिसूळ असतात व वाकविताना तुटतात. दोन्ही टोके बसली की खाचेजवळचा लहानसा दिवा लागतो. तार जुळली एवढेच तो दिवा सांगतो. निरोप पोचतो की नाही, हे त्याला ठाऊक नसते. पुष्कळांची फसगत येथेच होते.

तार ही रेल्वेच्या रुळासारखी आहे. रूळ अखंड असला तरी डब्यावर कोणत्या स्थानकाचे नाव लिहिले आहे, यावर माल कोठे उतरणार हे ठरते. संगणक पानाचा मजकूर लहान लहान तुकड्यांत विभागतो आणि प्रत्येक तुकड्यावर प्रिंटरचा आयपी पत्ता लिहून तो तारेवर सोडतो. हा पत्ता चार अंकांचा असतो, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०३. यांपैकी पहिले तीन अंक घरातील सर्व यंत्रांचे बहुधा सारखे असतात, आडनावासारखे. शेवटचा अंक ज्याचा त्याचा. हे पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. नवे यंत्र जोडले की ते पत्ता मागते, आणि राउटर आपल्याजवळच्या मोकळ्या अंकांपैकी एक त्यास देतो. मात्र हा पत्ता मालकीचा नसून भाड्याचा असतो. ठराविक मुदतीने त्याचे नूतनीकरण करावे लागते. एरवी जुनाच पत्ता पुन्हा मिळत राहतो. म्हणून महिनोन्‌महिने काही बिघडत नाही. परंतु वीज गेली म्हणजे पुष्कळ घरगुती राउटर आपली वाटपाची वही विसरतात. वीज आल्यावर जो प्रथम मागेल त्याला पहिला मोकळा अंक, असा क्रम सुरू होतो. काल १०३ हा अंक प्रिंटरकडे होता. आज तो कोणाच्या तरी मोबाइलला मिळतो आणि प्रिंटरच्या वाट्यास १०५ येतो. संगणक मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारीत राहतो. तेथे प्रिंटर नाही, म्हणून तो ‘ऑफलाइन’ म्हणतो. त्याच्या दृष्टीने ते खरेच असते.

यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे प्रिंटरला कायमचा पत्ता देणे. तो दोन रीतींनी देता येतो. पहिली रीत राउटरकडून. प्रत्येक यंत्राला कारखान्यातूनच एक बारा अक्षरांची खूण मिळालेली असते. तिला मॅक पत्ता म्हणतात, आणि बहुतेक प्रिंटरच्या पाठीवरील चिकटपट्टीवर ती छापलेली असते. राउटरच्या व्यवस्थेच्या पानावर ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ या सदरात ही खूण आणि राखून ठेवावयाचा पत्ता नोंदविला की तो अंक दुसऱ्या कोणास मिळत नाही. येथे एक सावधगिरी हवी. प्रिंटरमध्ये वायफाय आणि तार अशा दोन्ही सोयी असतील तर दोहोंच्या खुणा निराळ्या असतात. तारेची खूण नोंदवावयाची, वायफायची नव्हे. वायफायवरचा प्रिंटर तारेवर आणला की त्याचा पत्ता बदलतो तो याच कारणाने.

दुसरी रीत प्रिंटरच्या स्वतःच्या पडद्यावरून पत्ता लिहिण्याची. तेथे ‘ऑटो’ काढून ‘मॅन्युअल’ निवडावे आणि तीन गोष्टी भराव्यात. पहिली म्हणजे पत्ता. दुसरी सबनेट मास्क, जो घरगुती जाळ्यात बहुधा २५५.२५५.२५५.० असतो, आणि तिसरी गेटवे, म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता. निवडलेला अंक राउटरच्या वाटपाच्या मर्यादेबाहेरचा असावा. राउटर १०० ते २०० हे अंक वाटीत असेल तर प्रिंटरला ५० द्यावा. नाहीतर एकाच अंकाचे दोन धनी होऊन दोघांचीही कामे अडतील. जेथे वीज वारंवार जाते अशा ठिकाणी ही दुसरी रीत अधिक भरवशाची ठरते. कारण वीज आल्यावर प्रिंटर कधी कधी राउटरच्या आधी जागा होतो. पत्ता मागतो, उत्तर मिळत नाही, आणि मग १६९.२५४ ने सुरू होणारा एक तात्पुरता पत्ता स्वतःच धारण करतो. ज्याचा पत्ता स्वतःजवळच लिहिलेला आहे, त्याला कोणाची वाट पाहावी लागत नाही.

प्रिंटरला घर मिळाले. आता ते संगणकास कळविले पाहिजे. विंडोजवर प्रिंटर आपोआप शोधला गेला तर पुष्कळदा ‘डब्ल्यूएसडी’ नावाचा मार्ग निवडला जातो. तो सोयीचा खरा, पण त्यावरचा प्रिंटर अधूनमधून हरवतो असा अनेकांचा अनुभव आहे. त्याऐवजी प्रिंटर हाताने जोडताना ‘टीसीपी/आयपी’ हा मार्ग निवडून आपण दिलेला पत्ता लिहावा. प्रिंटरच्या त्या पत्त्यावरही निरनिराळी दारे असतात व त्यांना क्रमांक असतात. थेट छापण्याचे नेहमीचे दार ९१००. नव्या पद्धतीचे, ज्यात संगणक आणि प्रिंटर एकमेकांची विचारपूस करू शकतात, ते ६३१. हे क्रमांक संगणक बहुधा स्वतःच भरतो. जुन्या पत्त्याची नोंद मात्र यादीतून काढून टाकावी. ती तशीच राहिली तर एकाच नावाचे दोन प्रिंटर दिसतात आणि घाईच्या वेळी नेमका मेलेलाच निवडला जातो.

लहान कचेऱ्यांत आणखी एक अडचण हटकून आढळते. इंटरनेट देणारी कंपनी जी पेटी बसविते तीच बहुधा राउटरही असते. पुढे आतल्या खोलीत वायफाय पोचत नाही म्हणून दुसरा राउटर आणून पहिल्यास जोडला जातो. आता पत्ते वाटणारे दोन कारभारी झाले. पहिला १९२.१६८.१ हे आडनाव देतो, दुसरा १९२.१६८.० हे. दोन्हीकडे इंटरनेट चालते, त्यामुळे संशय येत नाही. पण प्रिंटर दुसऱ्याच्या घरात आणि संगणक पहिल्याच्या घरात असला की संगणकास प्रिंटर सापडत नाही. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या ‘गेस्ट’ वायफायवरूनही प्रिंटर दिसत नाही, आणि तो दिसू नये अशीच तेथे योजना असते. उपाय असा की दुसऱ्या राउटरचे पत्ते वाटणे बंद करावे, त्यास पहिल्याच्या कुळातील एक मोकळा पत्ता द्यावा, आणि पहिल्याकडून आलेली केबल त्याच्या ‘वॅन’ खाचेऐवजी ‘लॅन’ खाचेत बसवावी. मग कारभारी एकच राहतो आणि सर्व यंत्रे एका कुळात येतात.

एवढे करूनही प्रिंटर अडला, तर शोध क्रमाने घ्यावा. उगाच सर्व बटणे दाबू नयेत. प्रथम खाचेजवळचा दिवा पाहावा. तो विझलेला असेल तर दोष केबलीत, टोकात किंवा खाचेत आहे. दिवा लागत असेल तर प्रिंटरच्या पडद्यावरून नेटवर्कची माहिती देणारे पान छापून घ्यावे. त्यावरचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरशी बोलणे झालेले नाही. पत्ता ठीक असेल तर तो संगणकावरील ब्राउझरमध्ये लिहून पाहावा. बहुतेक नेटवर्क प्रिंटर स्वतःचे एक पान दाखवितात. ते पान उघडले म्हणजे तार, पत्ता व जाळे निर्दोष ठरले. दोष संगणकातील नोंदीत आहे. ते उघडले नाही तर दोन कारभाऱ्यांचा संशय घ्यावा. ह्या चार पायऱ्यांस पाच मिनिटे लागतात. समोर थांबलेल्या माणसाचा दिवस पाहता ती मोठी किंमत नव्हे.

उमरोळीच्या हवेचाही विचार केला पाहिजे. समुद्र जवळ आणि पावसाळा दीर्घ. त्यामुळे उघडा ठेवलेला कागद ओल धरतो. असा कागद वळतो, अडकतो, आणि दोष मात्र जोडणीवर येतो. गठ्ठा बांधलेलाच ठेवावा व लागतील तेवढीच पाने भरावीत. मृगाच्या सुमारास आणि परतीच्या पावसात विजा कडाडतात, त्या वेळी विजेचा प्लग काढून भागत नाही. तांब्याची केबल एका इमारतीतून दुसरीत गेलेली असेल तर तिच्यातूनही आघात आत येतो, म्हणून तिचेही टोक काढून ठेवावे. दोन इमारती जोडावयाच्याच असतील तर काचेच्या तंतूची केबल बरी, कारण काच वीज वाहून नेत नाही. राउटर आणि स्विच लहानशा यूपीएसवर ठेवणे हिताचे. त्यांची पत्त्यांची वही शाबूत राहते. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नये. शाई कागदावर पक्की करण्यासाठी त्याचा रूळ तापविताना तो एकदम पुष्कळ वीज ओढतो, आणि लहान यूपीएसला तो भार सोसत नाही.

शेवटी एक गोष्ट, जी यंत्रापेक्षा माणसांविषयी अधिक आहे. ह्या प्रिंटरमधून लोकांचे सातबारे, आधार कार्डांच्या प्रती, पगाराचे दाखले जातात. नेटवर्कवरचा प्रिंटर हा स्वतः एक संगणकच आहे. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड सर्वांस ठाऊक असतो, म्हणून तो पहिल्याच दिवशी बदलावा. बाहेरच्या इंटरनेटवरून प्रिंटरपर्यंत पोचण्याची वाट राउटरवर उघडू नये. मोठ्या प्रिंटरच्या आत साठवणुकीची तबकडी असते. तो विकताना किंवा भाड्याचा परत करताना ती पुसून घ्यावी. आणि छापलेला कागद ट्रेमध्ये पडून राहू देऊ नये, कारण सारी कुलुपे लावूनही तो कोणालाही वाचता येतो.

सर्व जोडणी झाल्यावर एका चिठ्ठीवर प्रिंटरचा पत्ता, राउटरचा पत्ता व जोडणीची तारीख लिहून ती प्रिंटरच्या बाजूस चिकटवावी. ज्याने जोडणी केली तो नेहमीच हजर असतो असे नाही. पुढे कधी रात्री वीज गेली, राउटर बदलला, किंवा चालक नवा आला, तरी ती चिठ्ठी वाचून कोणालाही काम पुढे नेता येईल. मग रात्रपाळी करून आलेला माणूस आपला कागद पाच मिनिटांत घेऊन घरी जाऊन निजेल, आणि बोईसरची गाडी त्याला दुसऱ्या दिवशी कामावर जातानाच धरावी लागेल.